चिखलीच्या गच्चीवरचा खांब

मोऱ्यांना माणूस समोरून ओळखू येत नाही. मी कंपनीत नवा होतो तेव्हा रोज सकाळी ते मला "आपण कोण?" असं अगदी अदबीने विचारत, आणि मी रोज नाव सांगत असे. एके दिवशी मी फाटकातून आत शिरतोय तोच वरच्या गॅलरीतून हाक आली, "अरे, तुम्ही होय सर! उजवीकडे भोवरा, मागे टक्कल पडायला लागलंय. आता पक्कं बसलं डोक्यात!" त्यानंतर ते मला कधी विसरले नाहीत. माझा चेहरा मात्र अजूनही त्यांच्या लक्षात नसावा.

दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. ताथवड्याच्या आमच्या ऑफिसात विमानातून काढलेल्या फोटोंवरून शहरांचे नकाशे तयार होतात. एकाच जागेचे, एकमेकांपासून थोड्या अंतरावरून टिपलेले दोन फोटो घ्यायचे. खास चष्मा लावून ते पडद्यावर एकत्र पाहिले की सपाट घरं, झाडं, टाक्या एकदम उभ्या राहतात. मग उजेडाचा एक ठिपका हलकेच सरकवत न्यायचा आणि छताच्या काठावर नेमका टेकवायचा. ठिपका वर राहिला तर तो तरंगतो, खाली गेला तर बुडतो. मोऱ्यांनी उभी नोकरी हा ठिपका टेकवण्यात घालवली आहे आणि आता ते जगालाही तेच माप लावतात. साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "यंदा सगळ्यांचा विचार करू," की मोरे माझ्या कानाशी पुटपुटतात, "तरंगतंय सर. पार टाकीच्या वर."

आमच्या ऑफिसातल्या सचिनला पिंपरीतलं एक स्थळ सांगून आलं, तेव्हा सगळ्यांनी मुलीचा फोटो पाहिला. मोऱ्यांनी तिच्या घराचा पाहिला, वरून.

"टाकीला झाकण नाही, भावा," ते म्हणाले. "आणि गच्चीवर मोडकी खाट, फुटका माठ, जुना कूलर. या लोकांच्याने काही टाकवत नाही. एकदा आत गेलास की तुलाही सोडायचे नाहीत."

लग्न झालं. सचिन हल्ली सासुरवाडीलाच असतो. त्याची बंद पडलेली सायकल त्या गच्चीवर ठेवल्याचं मोऱ्यांनी पुढच्या वर्षीच्या फोटोंत मला दाखवलं.

जमिनीवर उतरले की मात्र मोरे हरवतात. एकदा पिंपरी कॅम्पात त्यांना स्वेटर घ्यायचा होता. दुकान माहितीचं होतं, पण वरून. बाजाराच्या गल्लीत ते प्रत्येक दुकानासमोर थांबत आणि आत डोकावून विचारत, "तुमचा मधला पत्रा निळा आहे का?"

"पतरा नहीं बेचते, साहब," एक दुकानदार म्हणाला.

"विकायचा नाही हो! तुमच्या डोक्यावरचा!"

दुकानदाराने घाबरून वर पाहिलं. तिथे फक्त पंखा होता. आम्ही स्वेटर न घेताच परतलो.

आमच्या कामाचा एक नियम आहे. जे हलतं ते नकाशात काढायचं नाही. पहिल्या आणि दुसऱ्या फोटोच्या मधल्या वेळात जे सरकतं, त्याची जागाच बिघडते. मोशीच्या रस्त्यावरचा धावता टँकर चष्म्यातून आभाळात उडताना दिसतो. म्हणून गाड्या, गुरं, माणसं वगळायची. इमारती, भिंती, खांब घ्यायचे. नव्या पोरांना हा नियम मोरेच शिकवतात.

आणि त्याच मोऱ्यांनी चिखलीच्या नकाशात एका घराच्या गच्चीच्या मधोमध खांब काढला. ना त्याला तार, ना दिवा. उंची माणसाएवढी. तपासणी माझ्याकडे, म्हणून तो मला दिसला. पण नकाशा घाईत आधीच पाठवला गेला होता आणि तो मागवणाऱ्यांना खांब माझ्याआधी दिसला होता. साहेब भडकले.

"जागेवर जाऊन बघा," ते मला म्हणाले. "खांब नसेल, तर मोऱ्यांचा चष्मा काढून घेतो. बसू देत जुने कागद स्कॅन करत."

मोऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी निघालो. चिखलीत लेथच्या घरघरीतून, अर्धवट बांधलेल्या इमारतींमधून ते एकदाही न चुकता वळत गेले, याचं मला नवल वाटलं. एका बैठ्या घरापाशी थांबून ते मुकाट्याने जिना चढू लागले.

गच्चीच्या मधोमध एक म्हातारे गृहस्थ उभे होते. इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी, हात मांडीला चिकटलेले, नजर समोर. पापणीसुद्धा हलत नव्हती.

"खांब," जिन्याच्या तोंडाशीच थांबून मोरे हळूच म्हणाले. "आमचे आण्णा."

मी नकाशा उघडून जागा ताडून पाहिली. तंतोतंत तीच होती.

"सर, नियम काय? हलतं ते काढायचं नाही. आण्णा हलले का? मीच सांगितलं होतं, विमान आलं की हलू नका, नाहीतर उडालेले दिसाल. दोन्ही फोटोंत जागच्या जागी! ठिपका असा टोपीवर जाऊन बसला, की काढल्यावाचून राहवेना."

मला हसू फुटलं. माझी पत्नी गेल्यापासून मी असा हसलो नव्हतो. मोरे मात्र हसले नाहीत.

"आई गेली आणि यांनी अंथरूण धरलं," ते म्हणाले. "तोंड भिंतीकडे. जेवण नाही, बोलणं नाही. मी आपलं सहज म्हटलं, विमान येणार आहे, आपल्या घराचा फोटो निघणार. तर उठले. आंघोळ केली, दाढी केली, वर येऊन उभे राहिले. तेव्हापासून रोज."

"पण फोटो तर केव्हाच निघाले."

"व्हय."

"मग?"

"इतक्या उंचावरून गेलेलं त्यांना कळलंच नाही. मीही नाही सांगितलं." मोऱ्यांनी खाली पाहिलं. "नकाशातला खांब आज काढून टाकतो सर. साहेब म्हणतील तर कागदही स्कॅन करतो. पण हा इथला तेवढा राहू द्या."

तेवढ्यात आण्णांनी आम्हाला पाहिलं आणि ते खांबाचे माणूस झाले.

"सायेब, तुमी कंपनीतलं न्हवं? इमान कवा येनार वो? ह्यो काय धड सांगत न्हाई."

मोरे पायाच्या अंगठ्याकडे बघत होते. मी वर पाहिलं. ढगांवर ढकलावं म्हटलं, तर आभाळ लख्ख होतं.

"विमान बिघडलंय, आण्णा," मी म्हणालो. "दुरुस्तीला चाकणला गेलंय."

"चाकनला?" आण्णांनी कपाळावर हात मारला. सारी हयात त्यांनी कारखान्यात काढली होती. "मंग कशाचं लवकर येतंय! पार्ट मिळंस्तवर एक वरीस, आन् त्या ट्रॅफिकमधनं भाईर निघंस्तवर दुसरं!"

"वेळ लागेल," मी म्हणालो.

"लागू द्या. आपुन तयार असलेलं बरं." त्यांनी गालावरून हात फिरवला आणि लेकाकडे वळले. "ए, बिलेड संपलंय. येताना आनशील का?"

"आणतो की," मोरे म्हणाले. "पाकीटच आणतो."