गळ्यातली किल्ली

सावंतकाका समुद्रात पोहायला उतरले तरी गळ्यातली किल्ली काढत नसत. तिजोरीची असती तर एक वेळ समजलं असतं. ती होती आखातात, रास अल खोरमधल्या आमच्या कंपनीच्या लोखंडी कपाटाची, आणि कपाटात होते कंपनीनं ठेवून घेतलेले साठ कामगारांचे पासपोर्ट. नव्वदच्या दशकात यात कुणाला वावगं वाटत नसे. मलाही नाही.

मी तिथे ड्राफ्ट्समन, काका टाइमकीपर. बाकी सगळे कामगारांना नंबरानं हाक मारत. काका म्हणायचे, "नंबर पाण्याच्या टाकीला देतात." त्यांना पूर्ण नाव, बापाचं नाव, गाव असं सगळं लागे. हजेरीला वीस मिनिटं जास्त जात आणि फोरमन रोज चरफडे.

दहा डिसेंबरला, म्हणजे मानवी हक्क दिनाला, काका टाय लावून यायचे. घरून पातेलंभर शिरा. जेवणाच्या सुट्टीत एकेकाचं नाव-गाव पुकारायचं, त्यानं "हाजिर" म्हणून पुढे यायचं आणि शिऱ्याबरोबर स्वतःचा पासपोर्ट घ्यायचा. "यल्ला, चलो, आज का दिन जेब में रखो." सहाला परत. मॅनेजरला सांगितलेलं असे, कपाटाला ओल येते, पासपोर्टांना ऊन दाखवायला हवं.

मी थट्टा करायचो, "काका, हक्क एक दिवस आणि कुलूप वर्षभर?"

"कपाट असावं की नसावं, हे मला कोण विचारतो? किल्ली मागितली, तेवढी मिळाली."

एका वर्षी वाटप झाल्यावर पाहिलं, तर कपाटात एक पासपोर्ट उरलेला. काकांचाच. दरवर्षी उरायचा म्हणे. कारण विचारलं, तर पातेलं खरवडता खरवडता म्हणाले, "आई गेली तेव्हा किल्लीवाला अबुधाबीला होता. दोन दिवस थांबलो. पोचलो तर सगळं उरकलेलं. भावानं विचारलं, तिकीट नाही का मिळालं? मी हो म्हटलं." मग किल्लीला हात लावला. "कुणाला कधी लागेल, सांगता येतं का? मला आता कुठे घाईनं जायचंय?"

मला माझ्या थट्टेची लाज वाटली. मी तो पासपोर्ट उघडून मोठ्यानं वाचला, "विठ्ठल गोविंद सावंत. तालुका देवगड."

काका उठले. टाय सरळ केला.

"हाजिर," म्हणाले, आणि फोटोतल्या काळ्याभोर केसांच्या पोराकडे बराच वेळ बघत राहिले.

सहाला कामगारांचे सगळे पासपोर्ट परत आले. कपाटात एक कमी भरला. काकांच्या खिशाचं बटण लावलेलं होतं.