टिकलीची घट्ट कवळी

एका जंगलात, बाळांनो, दवाखाना एकही नव्हता, पण दातांचं कॉलेज होतं. प्राचार्य मगरबाई होत्या. त्यांना साठ-सत्तर दात होते आणि त्यातल्या एकालाही कधी ब्रश लागला नव्हता. तेवढ्यावर त्यांची नेमणूक झाली होती.

या कॉलेजात टिकली नावाची खार शिकत होती. पहिल्या वर्षी तिथे मेणाच्या वडीतून दात कोरायला लावतात. टिकलीने वडी तोंडात धरली आणि पाच मिनिटांत सुंदर दाढ कोरून दिली. सरांनी ती मोडून टाकली.

"सुरीने कोरायची असते," सर म्हणाले. "स्वतःच्या दातांनी नाही."

टिकली रडली आणि मग सुरीने कोरायला शिकली. दोन महिने लागले. दाढ बटाट्यासारखी झाली. सरांनी लगेच सही केली.

तुम्हाला वाटेल, दातांच्या कॉलेजात दातांचं शिकवत असतील. छे. तिथे सह्या गोळा करायच्या असतात. एवढे दात उपटले, सही. एवढे भरले, सही. आणि पेशंट ज्याचा त्याने आणायचा. म्हणून मुलं सकाळपासून रानात हिंडत आणि दिसेल त्याला अडवत. "काका, दात दुखतोय का? नाही? नीट आठवून बघा ना."

शेवटच्या वर्षी तर तोंडात एकही दात नसलेला पेशंट शोधून आणावा लागे. त्याला अख्खी कवळी करायची आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांना दाखवायची. नाही जमलं तर नापास.

टिकलीला नापास होऊन चालणार नव्हतं. तिच्या आईने जांभळाच्या झाडावर पाटी केव्हाच लावली होती, 'डॉ. टिकली, दातांचे सर्व उपचार.' पाटीखाली तीन माकडं गाल धरून रोज नंबर लावून बसत.

रानात दात पडलेला एकच जण होता. तो म्हणजे म्हातारा वाघ, ढाण्याआबा. दरवर्षी कोणी ना कोणी त्यांना परीक्षेला नेई. यंदा ते टिकलीच्या वाट्याला आले. तिच्या वर्गातल्या गज्या मुंगसाने तळ्यावरून एक कासव उचलून आणलं. कासवाला जन्मापासूनच दात नसतात. पण हे कॉलेजात कोणी विचारलं नाही आणि कासवानेही सांगितलं नाही.

टिकली आबांच्या गुहेत गेली. फळीवर ओळीने नऊ कवळ्या मांडलेल्या होत्या.

"आबा, एवढ्या कवळ्या? मग घालत का नाही?"

"दिसायला झकास आहेत, बाळ. घातल्या की शिऱ्यात पडतात."

"नऊ वर्षं तुम्ही खाताय काय मग?"

"शिराच."

टिकलीला फार वाईट वाटलं. तिने तिथेच ठरवलं, आबांना चावता येईल अशीच कवळी करायची.

"वेडी आहेस," गज्या म्हणाला. "कवळी पास व्हायला असते, चावायला नाही. रंग गुलाबी हवा, ओळ सरळ हवी, की झालं."

टिकलीने ऐकलं नाही. तिने आबांच्या जबड्याचं माप चार वेळा घेतलं. माप घेताना ती स्वतःच जबड्यात बसायची, शेपटी तेवढी बाहेर ठेवून. आबा डोळे मिटून गप्प पडून राहायचे.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक भेकरसर लांबच्या जंगलातून आले होते. त्यांची पद्धत ठरलेली होती. आपला पुढचा पाय पेशंटच्या तोंडात घालायचा आणि म्हणायचं, "चावा." वीस वर्षांत त्यांना कोणी चावू शकलं नव्हतं. कवळी दर वेळी निसटायची. सर म्हणायचे, "जरा घट्ट हवी होती," आणि सही करायचे.

आधी गज्याचा नंबर लागला. कासवाची कवळी बशीत पडली.

"जरा घट्ट हवी होती," भेकरसर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

मग टिकलीला बोलावलं.

"सर, ही कवळी खरंच चावते," टिकली चाचरत म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात."

"मग निदान सही तरी आधी..."

"आधी तपासणी, मग सही. नियम आहे." सरांनी पाय आत घातला. "चावा, आबा."

आबांनी सांगितलेलं ऐकलं.

थोड्या वेळाने टेबलापाशी सरांचा चष्मा आणि कोरी गुणपत्रिका एवढंच उरलं. आबांनी मिशा पुसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "नऊ वर्षांनी पोट भरलं गं पोरी," ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावर पंजा ठेवून निघून गेले.

मगरबाई आल्या. त्यांनी सगळी चौकशी केली.

"काम उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "या कॉलेजात इतकी घट्ट कवळी पहिल्यांदाच झाली. परीक्षकांची सही कुठे आहे?"

"सर आबांच्या पोटात आहेत, मॅडम."

"म्हणजे सही नाही. नापास."

सहा महिन्यांनी टिकली पुन्हा परीक्षेला बसली. या वेळी तिने गज्याचंच कासव मागून आणलं. माप एकदाच घेतलं. कवळी बशीत पडली. नवे परीक्षक म्हणाले, "जरा घट्ट हवी होती," आणि त्यांनी सही केली. जांभळावरची पाटी खरी झाली. गज्या तोवर त्याच कॉलेजात कवळ्या शिकवायला लागला होता.

ढाण्याआबा मात्र अजूनही भेटेल त्याला सांगतात, की अख्ख्या रानात दातांची डॉक्टर एकच, आपली टिकली. पण ते जवळ येऊन सांगतात. त्यामुळे ऐकलेलं पुढे सांगायला कोणी उरत नाही.

तात्पर्य: मन लावून केलेल्या कामाचं चीज होतंच. सही तेवढी आधी घ्यावी.