विहीणबाईंचं स्वागत

"विहीणबाई दारात पाऊल टाकतील ना, तेव्हा त्यांच्याच भाषेत असं स्वागत करीन, की बघत राहतील!" आप्पांनी जाहीर केलं.

आप्पांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. बंद पडलेलं काहीही चालू करता येतं, अशी त्यांची पक्की श्रद्धा. आणि घरात एक गोष्ट बंद पडली होतीच. लेकानं परभाषेतली मुलगी पसंत केली, तेव्हापासून सुनेची आई तिच्याशी अवाक्षरही बोलत नव्हती. आता आपली मुलगी कशा घरात पडलीय ते बघायला ती माउली एकटी येणार होती. सुनेला घास जात नव्हता. आप्पांना ते बघवेना.

मग लेकानं कॉम्प्युटरवर भाषा शिकवणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. पहिल्याच धड्यातला मास्तर खडूस निघाला. आप्पांनी तोंड उघडलं, की लाल फुली! चिडून त्यांनी भलतीकडेच क्लिक केलं, तर तिथे एक बाई भेटली. काय गोड आवाज! वाक्यावाक्याला टाळ्या! भाषांतर नव्हतं, नुसती चित्रं. हसतमुख माणूस पाहुण्यांना नमस्कार करतोय, टॉवेल दाखवतोय.

"अगं, पाहुणचाराचाच धडा सापडला!"

"सूनबाईला एकदा ऐकवून तरी घ्या," माई कणीक मळता मळता म्हणाल्या.

"छे! तिलाही चकित करायचंय!"

ठरल्या दिवशी लेक आणि सून त्यांना आणायला स्टेशनवर गेले. तिथे चुकामूक झाली, आणि विहीणबाई टॅक्सी करून थेट दारात हजर! आप्पांनी घसा खाकरला. एका चित्रात पाहुणी कार्ड पुढे करते आणि माणूस झुकून हसतो. म्हणजे 'भेटून आनंद झाला', दुसरं काय असणार? आप्पा झुकले, हसले आणि ते वाक्य खणखणीत म्हणाले.

विहीणबाई दचकल्या. पर्समधून ओळखपत्र काढून त्यांनी आप्पांच्या हातात ठेवलं.

"अगं, फोटो दाखवतायत! छान आलाय हो!" आप्पांनी ते कौतुकानं शोकेसमध्ये उभं केलं. मग टॉवेलचं वाक्य. म्हणजे 'संकोच करू नका, हवे तेवढे घ्या', असंच असणार! विहीणबाई लालबुंद झाल्या. त्यांनी बॅग उघडली आणि एकेक कपडा झटकून जमिनीवर टाकायला सुरुवात केली!

"अहो, काय बोललात त्यांना?" माई पिठाच्या हातांनी धावत आल्या.

"मी कुठे काय? स्वागतच करतोय!"

तेवढ्यात लेक आणि सून धापा टाकत आले. मुलीला बघताच विहीणबाईंचा बांध फुटला. इतक्या दिवसांचा अबोला विसरून त्या तिच्यावर शब्दांचा नुसता मारा करू लागल्या. सून आधी पांढरीफटक पडली. मग तिचे ओठ थरथरले, आणि ती चपलांच्या स्टँडवरच बसून पोट धरून हसायला लागली.

"आप्पा! तुम्ही हॉटेलातल्या नोकरांचा कोर्स केलात! आधी आईकडे ओळखपत्र मागितलंत, मग बजावलंत, 'हॉटेलचे टॉवेल घरी नेऊ नका!'"

आप्पांना धरणी दुभंगेल तर बरं, असं झालं. पण सुनेनं आईलाही सगळं समजावलं, आणि विहीणबाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आप्पांनी चष्मा पुसला आणि कॉम्प्युटरातल्या त्या बाईला मनोमन हात जोडले.

रात्री जेवणं झाल्यावर विहीणबाई हळूच काहीतरी म्हणाल्या. सून आप्पांकडे वळली.

"आई म्हणते, माझी मुलगी इथे इतकी मोकळी हसते, हे बघून जिवाला थंडावा मिळाला. तुमचे उपकार विसरणार नाही."

आप्पा भारावले. आता गप्प राहणं शक्यच नव्हतं. छातीवर हात ठेवून त्यांनी सगळ्यात जास्त टाळ्या मिळवलेलं वाक्य म्हटलं.

सुनेनं कपाळाला हात लावला. "आप्पा, तुम्ही म्हणालात, 'तक्रार असल्यास मॅनेजरला भेटा.'"

विहीणबाई गंभीर चेहऱ्यानं उठल्या, आप्पांना ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि माईंच्या शेजारी जाऊन बसल्या.