शनिवारच्या बुडबुड्यांवरील मोहीम

शके अठराशे चौऱ्यायशी, शुभकृत् संवत्सर, पौष वद्य चतुर्थी, सोमवार. ते दिवशी धानोऱ्याच्या माळावरील तांब्याच्या कारखान्यात वर्तमान आले जे, शनिवारचे तांबे चौथ्यांदा बुडाले. हकीकत ऐसी जे, दगड दळून त्याचा चिखल हौदात घालावा आणि खालून हवा सोडावी, मग लक्षावधी बुडबुडे तांब्याची भुकटी पाठीवर घेऊन वर येत आणि फेस काढून घेतला म्हणजे तांबे हाती लागे. बाकी वारी ही फौज इमानाने लढे. शनिवारी मात्र फितूर होऊन फुटे आणि तांबे सांडपाण्यासंगे नाल्यास जाई.

हौदावर नेमणुकीस भाईदास होता. त्याची बायको जसोदाबाई मार्गशीर्ष अखेरीस वारली. नवऱ्याची नोकरी कायम जाल्यास या हौदाला अकरा शनिवार तेल वाहीन, ऐसा तिचा नवस. नोकरी कायम जाली, तीन शनिवार तिने वाहिले आणि ती गेली. सुतक फिटल्यावर भाईदासाने उरलेले अंगावर घेतले आणि शनिवारी सकाळी वाटीभर शेंगदाण्याचे तेल हौदाच्या काठावर सोडू लागला. तेवढे तिचे फेडावे, याखेरीज त्यास काही नको होते.

इकडे राजमान्य राजश्री साहेब, विलायती विद्येचे धनी, बुडबुड्यांचे कर्दनकाळ, यांनी खलबत करून फर्मान सोडिले जे, हवेचे पंप खोलावे. खोलिले. पाणी बदलावे. बदलिले. मग ठरले जे, गनिमाचा कद मोजल्याविना इलाज नाही, आणि मुंबईहून काचेची नळी, दिवा व कॅमेरा आणविला. नळीतून चढते बुडबुडे तसबिरीत कैद करावे आणि चार कारकुनांनी पट्टी लावून एकेकाची रुंदी लिहावी. चार हजार बुडबुडे जेर जाले. बाकी वारचे मोहरीएवढे, शनिवारचे हरभऱ्याएवढे निघाले. साहेबांनी शनिवारची हवा तपासण्याचा हुकूम केला. आणि भाईदास वाटी घेऊन आला की खासे साहेब कॅमेरा बाजूस सारून त्यास वाट देत आणि जोडे काढून, हात जोडून उभे राहत. आणखी तीन शनिवार ऐसे गेले.

चौथ्या शनिवारी कॅमेरा सारायचा राहिला आणि तसबिरीत काठावरून आत उतरणारी तेलाची धार सापडली. साहेबांनी भाईदासास हुजूर बोलावून पुसिले जे, हे आजवर सांगितले का नाही.

"साहेब, तुम्हीन बुडबुडासले इचारी ऱ्हायनात. माले कोठे इचारं?"

मग फर्मान जाले जे, हौदाच्या दहा हातांच्या आत तेल आणू नये. कारकुनांनी तोड काढिली, गावच्या मारुतीस वाहावे, देव तो देवच. भाईदास मान हलवून, हौदाकडे बोट करून म्हणाला, "ती याले कबूल व्हयनी व्हती. दुसराले तेल दिसन नवस कसा फिटी?"

पुढील शनिवारी बुडबुडे मोहरीएवढे निघाले, फेस टिकला, तांबे हाती आले. फत्ते जाली. साहेबांस बढती आली आणि कैफियतीत नमूद जाले जे, सूक्ष्म मापनाने दोष हुडकिला. तेल त्यात 'बाह्य द्रव्य' म्हणून आहे. भाईदासाचे नाव नाही.

नवसाचे आठ शनिवार जाले. तीन राहिले आहेत.