ईरप्पाच्या गच्चीवरचं ऊन

"काका, मायक्रो इन्व्हर्टर घ्या," सोलर बसवणारा अजिंक्य समजावत होता. "प्रत्येक पॅनेलखाली एक छोटा, ज्याची त्याची चूल वेगळी. सेंट्रलमध्ये चारही पॅनेलं एका माळेत. दोन झाकली गेली, तर सगळी माळच बंद!"

"वेगळ्या चुली एकदा बघितल्यात मी!" भवानी पेठेतले महेश्वर कडाडले. "सेंट्रलच बसव! आणि झाकतंय कोण? सोलापुरात सावलीसुद्धा सावली शोधत फिरते!"

सेंट्रल ठरला. अडचण एकच. महेश्वरांच्या वाट्याच्या गच्चीवर टाकी, जिना आणि शेजारच्या इमारतीची पाठ. ऊन सगळं धाकट्या ईरप्पाच्या वाट्याला! वाटणीपासून भावाभावांत बोलणं नव्हतं. शेवटी महेश्वरांच्या बायकोने, चंद्रव्वाने, दिराकडून जागा मागून घेतली.

"वैनी मागतात म्हणून देतो," ईरप्पा म्हणाला. "अण्णाचा आवाज तेवढा माझ्या गच्चीवर नको."

त्यानंतर मोबाइलवरचा वीजनिर्मितीचा आलेख महेश्वर नव्या नातवासारखा गावभर दाखवत सुटले. आणि ऐन एप्रिलात, भर दुपारी, आलेख आडवा!

धापा टाकत ते वर धावले. दोन पॅनेलांवर चादर अंथरलेली, कोपऱ्यांवर विटा, वर ओळीने सांडगे!

"ईरप्पा! बायकोला आवर! जागा दिलीस ती माझ्या छातीवर वाळवण घालायला? जळतंय तुमचं! पहिल्यापासून जळतंय!" खाली गल्लीत रिक्षा थांबल्या.

ईरप्पा आला. मागून त्याची बायको सुंदरम्मा, डोळे भरलेले. "माझा एक सांडगा तरी हाय का बघा तितं, भावजी."

तेवढ्यात कमरेवर दुसरी परात घेऊन चंद्रव्वा जिन्यातून वर आली. "कोण ओरडतंय माझ्या सांडग्यांवर? काच काय तापते की! एका उन्हात कडक!"

महेश्वर चादरीपासून मागे सरकले. "अरे... मला वाटलं..."

"वैनींचं वाळवण राहू दे," ईरप्पा शांतपणे म्हणाला. "पण अण्णा, तुझा आवाज आला. पॅनेलं उतरव."

उतरवली. महेश्वरांनी अजिंक्यला फोन लावला. "माझ्या गच्चीवर सलग ऊन नाही रे. एक टाकीमागं, एक जिन्यावर, अशी चार ठिकाणी चार बसतील का?"

"बसतील की काका! फक्त मायक्रो लागतील."

महेश्वरांनी फोन ठेवला. चंद्रव्वा परात घेऊन दिराच्या गच्चीवर निघाली होती.

"मी येऊ का धरू लागायला?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही कशाला?" ती म्हणाली. "तुमचं तितं काय हाय आता?"