त्र्यंबकरावांचा सरकारी दात

कल्याणच्या मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून त्र्यंबकराव यांचा वरचा पुढचा दात सरकारी होता. कचेरीचे कपाट अंगावर पडून मूळचा दात कामावर असताना खर्ची पडला, तेव्हा सरकारने मुंबईच्या गोऱ्या दंतवैद्याकडून चिनी मातीचा दात बसवून दिला आणि सरकारी सामानाच्या यादीत, दोन दौती व एक घंटा यांच्या खाली, त्याची रीतसर नोंद केली. सन १८८३ च्या माघात सुपारी चावताना त्याचा कोपरा उडाला.

एरवी त्र्यंबकराव गप्प बसले असते. पण महिन्याभरात नवे कलेक्टरसाहेब कसाऱ्याकडे जाताना कल्याण स्टेशनात थांबणार होते, आणि त्यांच्यापुढे मानपत्र वाचण्याचा मान बावीस वर्षे वाट पाहून त्र्यंबकरावांना मिळाला होता. आता ‘श्री’ म्हटले की तोंडातून शीळ निघे.

“अहो, तुकडा पुडीत बांधून ठेवलाय,” त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणाल्या. “बरण्या सांधणाऱ्या पोपटला बोलवू का? माझी लोणच्याची बरणी त्याने अशी सांधली, की सांधा शोधून सापडत नाही.”

“सरकारी वस्तू परस्पर सांधायची?” त्र्यंबकरावांनी कानांवर हात ठेवले आणि ठाण्याच्या जिल्हा कचेरीला अर्ज केला.

ठाण्याने विचारले, मोडकी वस्तू अर्जाला का जोडली नाही? त्र्यंबकरावांनी कळवले, ती अर्जदाराच्या जबड्याला जोडलेली आहे. ठाण्याने लिहिले, मग अर्जदार अर्जाला जोडून पाठवावा.

त्र्यंबकराव अंगरख्याला अर्ज टाचून ठाण्याला जाऊन आले. तिथे बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरने त्यांच्या तोंडात फूटपट्टी घातली आणि ‘वीट सरकारी, भिंत खाजगी’ असा शेरा मारला. हुकूम झाला : दुरुस्ती मंजूर, मात्र परवाना असलेल्या कारागिराकडूनच.

पोपट आला. तुकडा उजेडात धरून म्हणाला, “रावसाहेब, घटकाभराचं काम हाय. आ करा.”

“परवाना आहे का?”

“अर्ज दिलाय की तीन वर्सांमागं.”

“कोणाकडे?”

“तुमच्याकडंच.”

त्र्यंबकरावांनी उघडलेले तोंड मिटले. अर्ज त्यांच्याच गठ्ठ्यात सापडला, त्यांच्याच वळणदार अक्षरातल्या शेऱ्यासकट : ‘अर्जदाराने आधी काम करून दाखवावे. परवान्यावाचून काम करू नये.’

“मग खोडा की त्यो शेरा!”

“अरे, माझा शेरा खोडायला मामलेदारांची सही लागते. ते साहेबांच्या स्वागताच्या तयारीत आहेत.”

शेवटी तो दिवस उजाडला. गाडी थांबली, साहेब डब्याच्या दारात उभे राहिले. त्र्यंबकरावांनी मानपत्र उलगडले आणि छाती भरून सुरुवात केली, “श्री—” शीळ इतकी स्वच्छ वाजली, की गार्डाची शिट्टी समजून ड्रायव्हरने गाडी सोडली. साहेब टोपी हलवत खडवलीच्या दिशेने दिसेनासे झाले.

त्र्यंबकराव घरी येऊन बडतर्फीची वाट पाहत बसले. आठव्या दिवशी ठाण्याचा लखोटा आला. ‘आजवर ऐकलेल्या मानपत्रांत हे सर्वोत्तम. साहेब संतुष्ट आहेत. सबब सदर दात आहे तसाच राखावा, दुरुस्ती रद्द. जिल्ह्यातल्या प्रत्येक कचेरीने मानपत्र वाचणाऱ्याचा एक दात याच मापाने फोडून घ्यावा.’

फोडण्याचे काम पोपटला मिळाले. फोडायला परवाना लागत नव्हता.

सांधण्याच्या परवान्याचा अर्ज मात्र अजून कुठल्या तरी गठ्ठ्याखाली आहे. वाचकहो, हसून झाले असेल तर जरा आपलाही गठ्ठा उचलून पाहा. शेऱ्याचे अक्षर ओळखीचे निघेल.