श्चेब्झोवोचा जावई आणि आठ ओळी

"बाटल्या घरीच राहू देत," येरेमी म्हणाला. "माझी जीभ पुरेशी आहे."

पोझ्नानची माणसं हात आखडून खर्च करतात, हे साऱ्या पोलंडला ठाऊक आहे. पण व्होडका सोबत न घेता लग्नाला निघालेला नवरदेव आमच्या श्चेब्झोवोने तोवर पाहिला नव्हता. आमच्याकडे वरात नवरीच्या घरून चर्चला निघाली की गावकरी रस्त्यात आडवी दोरी धरतात. त्याला आम्ही फाटक म्हणतो. नवरा परगावचा असेल तर त्याने गावाची आठ ओळींची कविता म्हणायची, आणि अडखळला की बाटली देऊन पुढे जायचं. कविता साधी आहे. एक मासा बेडकीला मागणी घालायला निघतो, एवढंच. पण तिच्यात स्वर शोधावे लागतात, आणि श, च, झ सगळे एकाच बाकावर कोंबून बसवलेत. आजवरचा एकही जावई तिसऱ्या ओळीपलीकडे धड गेला नव्हता.

येरेमीने ती तीन महिने घोकली. आंघोळीत, जिन्यात, ट्रामच्या थांब्यावर. शेजारणीने तर दाढदुखीवर लवंगा आणून दिल्या.

"एका दमात म्हणतो, बघच तू," गाडीत बसताना तो नवरीला, ब्रोन्याला, म्हणाला.

ब्रोन्याच्या जिवाला वेगळाच घोर होता. फादरांनी बजावून ठेवलं होतं, "तीनला या. चारला दुसरं लग्न आहे. सव्वातीनपर्यंत आला नाहीत तर पुढची तारीख सप्टेंबरातली." हा जून होता. दीडशे पाहुणे जमले होते आणि कोंबडीचं सूप शिजून तयार होतं.

पहिलं फाटक वळणावरच लागलं. दोरीला बर्चच्या फांद्या बांधलेल्या, आणि दोरीमागे स्तेफाआजी तिघा तहानलेल्या गड्यांसह उभी. येरेमी खाली उतरला, छाती फुगवली आणि आठही ओळी घडाघडा म्हणून मोकळा झाला. एक अक्षर घसरलं नाही.

टाळी कोणी वाजवली नाही.

"मग आता आम्ही प्यायचं काय?" स्तेफाआजीने विचारलं.

"पण आजी, मी बरोबर म्हटली."

"बरोबर म्हणायला तुला सांगितलं कोणी?"

ब्रोन्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अरे, दे एक बाटली आणि चल की."

"नाहीत. लागणारच नव्हत्या ना."

ब्रोन्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू कोबीत अळी सापडली होती.

नियम तो नियम, म्हणून दोरी खाली आली. पण तहान कुठे जाणार? मंडळी सफरचंदाच्या बागेतून आडवाटेने पळाली आणि पुलावर धापा टाकत पुन्हा हजर! तीच दोरी, तीच माणसं. येरेमीने पुन्हा बिनचूक म्हटली. डेअरीपाशी तिसरं फाटक, तिथे डेअरीवालेही सामील झालेले. शाळेपाशी चौथं. तिथे तर "एका पायावर म्हण" अशी फर्माईश झाली. येरेमीने तीही पुरी केली, आणि वर कमरेत वाकून मुजरा केला! तीन वाजून गेले होते.

"येरेमी," ब्रोन्या गाडीत दात आवळून म्हणाली, "पुढच्या वेळी चूक."

"मुद्दाम? तीन महिने घोकलीय मी."

"सप्टेंबर," ती म्हणाली.

शेवटचं फाटक चर्चच्या पायरीवर होतं. दोरीचं एक टोक स्तेफाआजीकडे, दुसरं चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या अल्बिनकाकाकडे. आता ऑर्गनवालाच बाहेर म्हटल्यावर लग्न सुरू व्हायचं कसं? चुकल्याशिवाय आता दोरी पडायची नाही, असं आजीने बजावलं. दारात फादर घड्याळ घेऊन उभे. तीन वाजून अकरा मिनिटं.

येरेमीने अभिमान गिळला आणि चुकायचं ठरवलं. तोंड उघडलं, तर जीभ सुतासारखी सरळ! दुसऱ्यांदा ओठ वाकडे करून पाहिले, तरी आठही ओळी स्वच्छ आल्या. त्याला घाम फुटला. ही बाई हातची जाणार आणि तीही आपल्या हुशारीमुळे, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

"मला येत नाहीये चुकता," तो रडवेला होऊन म्हणाला.

"म्हण पुन्हा," ब्रोन्या म्हणाली, आणि पाचव्या ओळीला तिने बुटाची टाच त्याच्या पायावर अशी रोवली की मासा बेडकीपर्यंत पोचलाच नाही.

"आई गं!"

"अडखळला!" गाव एका सुरात ओरडलं. दोरी पडली. स्तेफाआजीने त्याचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. "आत्ता आमचा झालास हो, जावईबापू. बाटली जेवणाच्या वेळी घेऊ." अल्बिनकाका वर ऑर्गनकडे जाणाऱ्या जिन्याकडे धावला.

तीन चौदाला दोघं वेदीसमोर उभे राहिले. येरेमी लंगडत होता, पण चेहऱ्यावर सुटकेचं हसू होतं. आता एकच वाक्य उरलं होतं, तेही फादर आधी सावकाश सांगणार.

"मी, येरेमी," फादर म्हणाले, "तुला, ब्रोन्याला, पत्नी म्हणून स्वीकारतो."

"मी, येरेमी," तो म्हणाला, "तुला, ब्रोन्याला, पत्नी म्हणून स्व... श्व... श्च..."

ब्रोन्याने डोळे मिटून घेतले.

वरून, ऑर्गनमागून, अल्बिनकाकाचा आवाज आला, "फादर, दुसरी बाटली लिहून घ्या."